विश्लेषण: इंजिन नवं बांधलं, पण कार्बोरेटरचे भाग गायब, अशी गाडी किक मारून सुरू करावी का?

सिलिंडर रिबोअर झाला, नवा पिस्टन आणि रिंगा पडल्या, इंजिन बांधून तयार झालं. आता फक्त कार्बोरेटर लावायचा. पण महिनाभर डब्यात पडलेले सुटे भाग काढले, तर एक जेट नाही, निडलची क्लिप नाही. ‘तसंच लावून एक किक मारून बघू’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो महागात का पडू शकतो, हे समजून घेऊ.

हा प्रश्न आता का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमध्ये कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. दुसरीकडे यामाहा आरएक्स १००, जुनी चेतक अशा टू-स्ट्रोक गाड्या पुन्हा उभ्या करण्याची हौस कमी झालेली नाही. १९८५ मध्ये आलेल्या आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलेल्या आरएक्स १०० चं इंजिन फक्त ९८ सीसीचं. त्यावरचा मिकुनी कार्बोरेटर ज्या प्रकारचा आहे, त्याच प्रकारचे कार्बोरेटर बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबाइलवरही असत. त्यामुळे पनवेलजवळच्या कोनमधली आरएक्स असो किंवा बर्फाळ देशातली स्नोमोबाइल, दुखणं सारखंच असतं.

कार्बोरेटर नेमकं काय करतो?

पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणं हे कार्बोरेटरचं काम. अ‍ॅक्सिलरेटर किती पिळला आहे, त्यानुसार वेगवेगळे भाग जबाबदारी घेतात. आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, पाव ते पाऊण थ्रॉटलला निडल आणि त्याच्या पुढे मेन जेट. म्हणून एखादा भाग नसतानाही गाडी सुरू होऊ शकते. बिघाड दिसतो तो पुढे, रस्त्यावर.

कोणता भाग नसेल तर काय होतं?

• मेन जेट: आयडलला गाडी ठीक वाटते. थ्रॉटल पूर्ण उघडताच पेट्रोलचा लोंढा येतो, प्लग ओला होतो आणि इंजिन गुदमरतं.

• पायलट जेट: जेट नसेल तर आयडलला पेट्रोल जास्त जातं. जेट चोंदला असेल तर चोक ओढल्याशिवाय गाडी टिकत नाही.

• निडलची क्लिप: निडल खाली घसरून पेट्रोलची वाट अडवते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन बंद पडतं.

• फ्लोटची निडल व्हॉल्व्ह: पेट्रोल थांबतच नाही. ते ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर सांडतं किंवा थेट इंजिनात उतरतं. बंद खोलीत किंवा पार्किंगमध्ये हा आगीचा धोका आहे.

• थ्रॉटलची स्प्रिंग: अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी स्लाइड खाली येत नाही. पहिल्याच किकला इंजिन सुसाट सुटू शकतं.

• चोकचा प्लंजर, इंजिनाकडचा रबर किंवा ओ-रिंग: या फटीतून जास्तीची हवा आत शिरते. हा सगळ्यात फसवा दोष, कारण गाडी सुरू होते आणि आयडलही वाढतो.

टू-स्ट्रोकमध्ये धोका जास्त का?

हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन प्रमाणाबाहेर तापतं. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो. नुकत्याच रिबोअर केलेल्या सिलिंडरमध्ये दोघांत अंतर कमी असतं, नव्या रिंगांचं घर्षणही असतं. परिणामी पिस्टन जाम होतो आणि रिबोअरचा खर्च पाण्यात जातो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या जुन्या स्कूटरमध्ये तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, असा दुहेरी मार बसतो. धावत्या गाडीत पिस्टन जाम झाला तर मागचं चाक अडकून चालक पडू शकतो.

ई-२० पेट्रोलने काय फरक पडतो?

इथेनॉल पूर्ण जळायला हवा कमी लागते, १ किलोला सुमारे ९ किलो. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं. त्यामुळे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल त्याच जेटमधून आलं तर मिश्रण थोडं पातळ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुने रबरी भाग खराब करू शकतं. पावसाळाभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी दिसते, ती धातू गंजल्याची खूण. ती पुढे बारीक जेट चोंदवते.

मग पहिली किक कशी मारायची?

१. आधी भाग पूर्ण करा. रिपेअर किट घेताना जेटवरचा आकडा गाडीच्या मूळ आकड्याशी जुळवा. आकडा मोठा, तर पेट्रोल जास्त. हाती लागेल तो जेट बसवू नका, तारेने भोकही मोठं करू नका.

२. कार्बोरेटर लावून पेट्रोलचा कॉक उघडा आणि दहा मिनिटं थांबा. थेंबही गळता कामा नये.

३. अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडा. स्लाइड खट्कन खाली बसली पाहिजे.

४. ऑइल पंप असेल तर त्यातली हवा काढा. पहिल्या टाकीसाठी पेट्रोलमध्येही लिटरमागे २० मिलि टू-टी ऑइल मिसळणं सुरक्षित.

५. मोकळ्या जागेत, गाडी न्यूट्रलला ठेवून किक मारा. इंजिन सुसाट सुटलं तर चावी बंद करा. तरीही थांबलं नाही, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा.

६. थोडं चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर गाडी पुढे चालवू नका, आधी हवेची गळती शोधा.

प्लगच्या भोकातून पेट्रोल टाकून बघितलं तर?

त्यातून ठिणगी आणि कॉम्प्रेशन आहे एवढंच कळतं. साधं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. करायचंच असेल तर ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे मोजके थेंब टाका आणि काही सेकंदांत थांबा.

कोन फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोली गाठली की पुढे बोरघाटाचा चढ लागतो. चढावर थ्रॉटल बराच वेळ उघडा राहतो आणि इंजिन तापतं. म्हणून पहिल्या एक-दोन टाक्या सपाट रस्त्यावर, वेग कमी-जास्त करत संपवा. मध्येच इंजिनाचा जोर अचानक कमी झाला तर लगेच क्लच दाबा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन थंड होऊ द्या. घाट त्यानंतरच चढा.