पाच व्होल्टपासून सव्वा व्होल्टपर्यंत

१९९३ साली इंटेलने पहिला पेंटियम बाजारात आणला. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी त्या प्रकल्पाची धुरा सांभाळली होती. ६६ मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ५ व्होल्टवर चाले आणि कमाल १६ वॅट वीज घेई. पुढच्याच वर्षी १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम आला. वेग दीडपट, पण विजेची कमाल गरज सुमारे १० वॅट. ट्रान्झिस्टर लहान झाले होते आणि व्होल्टेज ५ वरून ३.३ वर उतरले होते.

या बचतीचे मोठे श्रेय व्होल्टेजला जाते. ट्रान्झिस्टरच्या उघडझाकीला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. पेंटियमला एवढाच हिशेब लावला, तरी दीडपट वेग धरूनही १६ वॅटचे साडेदहा होतात. आजचा एखादा प्रोसेसर १.४ ऐवजी १.२ व्होल्टवर त्याच वेगाने चालवता आला, तर उघडझाकीतली पाव हिश्शाहून अधिक वीज वाचते. उलट, वेग ताणायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते. म्हणून शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात.

ही उतरण पुढे अडली. व्होल्टेज खाली नेताना ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो, तेही खाली आणावे लागते; ते फार खाली गेले की ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही आणि काम नसतानाही वीज गळत राहते. २००४ मध्ये आलेला ९० नॅनोमीटरचा पेंटियम ४ या गळतीने तापला, त्याच्या ३.८ गिगाहर्ट्झच्या आवृत्तीची मर्यादा ११५ वॅट होती. त्याच वर्षी इंटेलने ‘तेजस’ हा पुढचा प्रोसेसर रद्द केला. २००६ चा कोर २ ड्युओ कमी वेगाचा, दोन कोरचा आणि ६५ वॅटचा होता, तरी कामात सरस ठरला.

व्होल्टेज कमी असले, की तेवढ्याच वॅटसाठी करंट जास्त लागतो. २५० वॅट घेणाऱ्या यंत्राला घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधून अँपिअरभरापेक्षा थोडाच जास्त करंट पुरतो. प्रोसेसरला तीच वीज सव्वा व्होल्टवर द्यायची, तर २०० अँपिअर लागतात! एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट मदरबोर्डवरचे व्होल्टेज रेग्युलेटर प्रोसेसरच्या अगदी शेजारीच उतरवतात, ते यासाठीच. सॉकेटमधल्या शेकडो पिना निव्वळ वीज आणि ग्राउंडसाठी राखलेल्या असतात.

एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात. सिलिकॉनच्या चकतीवर बारीक फरक राहतातच, त्यामुळे कोणत्या वेगाला किती व्होल्ट हवेत, याचा तक्ता कारखान्यात प्रत्येक चिपसाठी वेगळा ठरतो. चिप त्यानुसार मदरबोर्डकडे व्होल्टेज मागते.

ही मागणी चुकली, तर काय होते, हे अलीकडे दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मायक्रोकोड प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टच्या सुधारणेत १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीनेही त्यांचे एसओसी व्होल्टेज १.३ वर रोखले होते.

खरेदी करताना मात्र ग्राहकाच्या नजरेला बहुधा एकच आकडा पडतो. कोर आय९-१४९००के १२५ वॅटचा म्हणून ओळखला जातो, पण टर्बोत त्याची मर्यादा २५३ वॅट आहे. १७० वॅटच्या रायझन ९ ७९५०एक्सला सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत घेण्याची मुभा आहे. हे दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापायलाच हवेत, कारण कूलर, एसएमपीएस आणि वीजबिल यांचा हिशेब मोठ्या आकड्यावर बसतो. रात्रंदिवस व्हिडिओ रेंडर करणाऱ्या स्टुडिओत १०० वॅटचा फरक दर दहा तासांना एक युनिट खातो. बायोसमधला इको मोड निवडून किंवा जपून अंडरव्होल्टिंग करून त्यातला बराचसा भाग वाचवता येतो. थोडा वेग सोडावा लागतो, पण पंख्याचा आवाज आणि खोलीतली उष्णता दोन्ही कमी होतात.