डोळस काठी

‘रोबोट’ हा शब्द आता आपल्या घरोघरी पोहोचला आहे. परंतु त्याचे मूळ फार थोड्यांना ठाऊक असते. कारेल चापेक नावाच्या चेक नाटककाराने १९२० साली एक नाटक लिहिले. माणसाच्या जागी राबण्यासाठी कारखान्यात घडविलेल्या कृत्रिम जीवांना त्याने त्या नाटकात हे नाव दिले. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठीचे काम. मराठीत आपण रोबोटला यंत्रमानव म्हणतो. मात्र प्रत्येक यंत्रमानव माणसासारखा दिसतोच असे नाही. त्याची खूण निराळी आहे. जे यंत्र भोवतालची परिस्थिती जाणते, तिचा विचार करते आणि त्याप्रमाणे कृती करते, ते या कुळातले समजावे. आपल्याला जशी ज्ञानेंद्रिये, मेंदू आणि कर्मेंद्रिये आहेत, तशीच त्यालाही असतात. संवेदक ही त्याची ज्ञानेंद्रिये, नियंत्रक हा मेंदू आणि मोटारी ही कर्मेंद्रिये होत.

अशी यंत्रे मुलांनी स्वतः घडवावीत, म्हणून २०१६ सालापासून आपल्या देशात शाळाशाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ नावाच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या प्रयोगशाळा आज दहा हजारांहून अधिक शाळांत आहेत. निवृत्तीनंतर मला अशाच एका वर्गात काही दिवस बसण्याचा योग आला. तेथे सातवीच्या चार मुलामुलींनी केलेल्या एका प्रकल्पाची हकीकत येथे सांगतो.

त्यांच्या गावात एक वृद्ध संगीतशिक्षक राहत. सारे त्यांना बुवा म्हणत. बुवांना दृष्टी नव्हती. पांढरी काठी टेकीत ते रोज शाळेवरून देवळात जात. त्यांच्यासाठी वाटेतील अडथळा ओळखणारी काठी करावयाची, असे मुलांनी ठरविले.

यासाठी त्यांनी वटवाघळाची युक्ती घेतली. वटवाघूळ अंधारात बारीक चीत्कार करते आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून ती किती दूर आहे हे ओळखते. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. मुलांनी आणलेला काड्यापेटीएवढा संवेदक सेकंदाला ४०,००० कंपनांचा ध्वनी सोडतो. प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला, हे ‘आर्डुइनो’ नावाचा छोटा नियंत्रक मोजतो. इटलीतील इव्ह्रिया गावच्या एका संस्थेत २००५ साली हा नियंत्रक विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला.

आता यातील गणित पाहा. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. प्रतिध्वनी यावयास सेकंदाचे सहा सहस्रांश लागले, तर ध्वनीने सुमारे दोन मीटर प्रवास केला. पण त्यात जाणे आणि येणे दोन्ही आले. म्हणून वस्तू एक मीटरवर आहे. अडथळा एक मीटरच्या आत आला की शिटी वाजावी, अशी मुलांची योजना होती. प्रत्यक्षात काठी अर्ध्या मीटरवर जाईपर्यंत गप्प राही! दोन दिवस तारा तपासण्यात गेले. शेवटी एका मुलीच्या लक्षात आले, की हिशेबात दोनाने भागावयाचेच राहिले आहे. यंत्र सांगितले तेवढेच करते. आपली चूकही ते इमानाने करते.

दुरुस्ती झाली. डोळ्यांवर रुमाल बांधून मुले व्हरांड्यात चालून आली. एकही खांब कोणाला लागला नाही. आनंदाच्या भरात त्यांनी बुवांना बोलावून आणले.

बुवांनी आपली काठी भिंतीशी ठेवली आणि मुलांची काठी हाती घेतली. खांब आला, शिटी वाजली, बुवा वळले. मुलांनी टाळ्या पिटल्या. तोच व्हरांडा संपला आणि पुढे पायऱ्या आल्या. काठी गप्पच राहिली. बुवांचे पाऊल अधांतरी पडणार, इतक्यात शिक्षकांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

सर्वांच्या छातीत धस्स झाले. असे का घडले? संवेदक समोर रोखलेला होता. समोर मोकळी हवा होती. तेथून प्रतिध्वनी यावा कोठून? जे नाही, ते त्याला कळत नव्हते. खड्डा म्हणजे तर नसलेली जमीनच!

मुले खाली माना घालून उभी राहिली. बुवा मात्र पायरीवर बसले आणि हसून म्हणाले, “पोरांनो, काठी करण्याआधी मला एकदा विचारले असतेत तर! खड्डा, पायरी, दगड हे सारे माझी साधी काठी सांगते. तिला कळत नाही ते वरचे. गेल्या साली उभ्या मालट्रकची फळी माझ्या कपाळाला लागली. आणि ही शिटी नको रे. मी कानांनी रस्ता पाहतो. ती वाजली की माझे कानच झाकले जातात.”

मुलांनी सारे टिपून घेतले आणि काम नव्याने सुरू केले. बुवांचीच काठी ठेवून तिच्या मुठीजवळ संवेदक किंचित वर रोखून बसविला. शिटी काढून मुठीत थरथरणारी छोटी मोटार घातली. अडथळा जवळ येई तसतशी थरथर वाढे. लोंबणारी फांदी बुवांना आता हाताने कळू लागली. तरी दोरीवर वाळत घातलेली गोधडी काठीला नीट ओळखता येईना. कारण मऊ कापड ध्वनी शोषून घेते. ही उणीव मुलांनी वहीत स्पष्ट लिहिली आणि बुवांनाही सांगितली.

पुढे त्यांच्या वाचनात आले, की दिल्लीच्या आय.आय.टी.ने तयार केलेली अशीच ‘स्मार्टकेन’ २०१४ सालीच लोकांच्या हाती आली आहे. तीही पांढऱ्या काठीवर बसते, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ओळखते आणि थरथरीनेच इशारा देते! मुले जराही हिरमुसली नाहीत. आपली वाट बरोबर होती, याचाच त्यांना आनंद झाला.

बालमित्रांनो, तुम्हीही उद्या यंत्रे कराल. तारा जोडणे, मोटारी बसविणे सरावाने येईल. परंतु ज्याच्यासाठी वस्तू करावयाची, त्याच्यापाशी आधी बसावे, त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकावी आणि आपल्या वस्तूतील उणीव त्याच्यापासून लपवू नये. त्या चौघांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहून ठेवली आहे : ‘आधी बुवांना विचारा.’

स्वाध्याय
१. पहिल्या काठीला पायऱ्या का ओळखता आल्या नाहीत?
२. शिटीऐवजी थरथरणारी मोटार का बसविली?
३. प्रतिध्वनी यावयास सेकंदाचे बारा सहस्रांश लागले, तर वस्तू किती दूर असेल?
४. तुमच्या शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला तिची रोजची अडचण विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.