रुग्णाचा श्वास सांभाळणारी परिचारिका

आपल्या समाजातील कितीतरी मुलींनी परिचारिकेचा पेशा पत्करला आणि घरे सावरली. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबणाऱ्या आईबापांच्या या मुली. रुग्णालयात रात्रपाळ्या करून त्यांनी धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. परंतु नर्सिंगची पदवी हाती आली, नोकरी लागली, की मुलीचे शिक्षण संपले, असा समज अजून घराघरांत आहे. त्यातील काही मुली आता परदेशी जात आहेत. जी अमेरिकेत पोहोचली आहे किंवा जाण्याची तयारी करीत आहे, तिच्यापुढे तेथे आणखी एक पायरी असते. ती म्हणजे भूल देण्याचे उच्चशिक्षण. या शिक्षणाच्या जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून तेथील प्रवेशाची रीत मुलीने आणि तिच्या घरच्यांनीही नीट समजून घ्यावी, यासाठी हा लेख.

हा पेशा कोणता?

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम भूलतज्ज्ञ डॉक्टर करतात. अमेरिकेत डॉक्टरांबरोबरच विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही हे काम करतात. त्यांना 'नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट' म्हणतात. रुग्णाला भूल देणे, श्वासनलिकेत नळी घालणे, शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणे आणि शेवटी त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, हे त्यांचे काम. खेड्यापाड्यांतील अनेक लहान रुग्णालये तर त्यांच्याच भरवशावर चालतात. नर्सिंगमधील सर्वाधिक पगाराच्या कामांत याची गणना होते. वर्षाचे सर्वसाधारण उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर जाते.

हा अधिकार त्यांना कोणी सहजासहजी दिला नाही. मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिली आणि भुलीमुळे त्यातील एकही दगावला नाही. हा अनुभव तिने १९०६ साली छापून प्रसिद्ध केला. तरीही परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा डॉक्टरकी करणे होय, असे म्हणत काही डॉक्टर न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली परिचारिकांच्या बाजूने निकाल दिला. काम बिनचूक करणे आणि त्याची नोंद ठेवणे, या दोन गोष्टींनी त्यांचा हक्क टिकला.

हार्लेमची गोल्डी ब्रँगमन

या हक्कातही एक भिंत होती. १९३१ साली स्थापन झालेल्या भूल परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेत काळ्या परिचारिकांना सुरुवातीला प्रवेश नव्हता. ते दार १९४४ साली उघडले.

न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच्या शेजारचीच काळ्या लोकांची वस्ती म्हणजे हार्लेम. २० सप्टेंबर १९५८ रोजी तेथील एका दुकानात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या पुस्तकाच्या प्रतींवर सह्या करीत बसले होते. एका मनोरुग्ण स्त्रीने पत्रे फोडण्याचे धारदार पाते त्यांच्या छातीत खुपसले. पात्याचे टोक हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला जवळजवळ टेकले होते. त्या वेळी एक शिंक आली असती तरी जीव गेला असता, असे नंतर सांगितले गेले. हार्लेम रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी रबरी पिशवी हाताने दाबून डॉ. किंग यांचा श्वास चालू ठेवणारी परिचारिका होती गोल्डी ब्रँगमन. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, डॉ. किंग भारतात येऊन गेले.

ब्रँगमन यांनी हार्लेम रुग्णालयात भूलशिक्षणाची शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला, ती चालवली आणि तेथून परिचारिका घडवल्या. जी संघटना एके काळी काळ्या परिचारिकांना आत घेत नव्हती, तिच्याच अध्यक्षपदी १९७३ साली त्या आल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या परिचारिका. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतः शिकल्या आणि मागून येणाऱ्यांसाठी शाळा उभारली, हे त्यांच्या आयुष्याचे सार आम्हाला मोलाचे वाटते.

अर्जाला काय लागते?

पहिली गोष्ट, नर्सिंगची पदवी. तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा पुरत नाही. आपल्या मुलीकडे बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. असावी. दुसरी गोष्ट, अमेरिकेतील नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना. त्यासाठी भारतातील शिक्षणाची कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात आणि 'एनक्लेक्स' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. व्हिसाची रांग वेगळीच. म्हणजे येथून गेलेल्या मुलीला या अर्जापर्यंत पोहोचण्यासच काही वर्षे लागतात. हे आधीच ठाऊक असले म्हणजे मन खचत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अतिदक्षता विभागातील, म्हणजे आयसीयूतील, पूर्णवेळ अनुभव. नियमाने किमान एक वर्ष लागते. पण बहुतेक निवडलेल्या उमेदवारांकडे त्याहून अधिक अनुभव असतो. साध्या वॉर्डातील दहा वर्षेही येथे उपयोगी पडत नाहीत. अपघात विभागातील अनुभवही बऱ्याच संस्था धरत नाहीत. म्हणून नोकरी निवडतानाच विचार करावा. व्हेंटिलेटरवरील रुग्ण आणि रक्तदाब टिकवण्यासाठी थेंबाथेंबाने चालणारी औषधे जेथे रोज हाताळावी लागतात, अशा विभागात काम मागून घ्यावे. दोन डॉलर जास्त देणाऱ्या हलक्या कामापेक्षा हे अवघड काम पुढे उपयोगी पडते.

याशिवाय पदवीचे गुण पाहिले जातात. चारपैकी किमान तीन, असा बहुतेकांचा दंडक आहे. रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अशा विषयांकडे विशेष लक्ष असते. जुने गुण कमी असतील तर तेथील एखाद्या महाविद्यालयात एकदोन विषय पुन्हा घेऊन चांगले गुण मिळवता येतात. अतिदक्षता परिचर्येची 'सीसीआरएन' ही परीक्षा अनेक संस्था मागतात. काही ठिकाणी 'जीआरई' परीक्षाही लागते. शिवाय एखाद्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टबरोबर दिवसभर उभे राहून तिचे काम पाहिल्याची नोंद असावी. शिफारसपत्रे मोठ्या नावाच्या माणसाची नकोत. जिने आपले काम रोज पाहिले आहे, त्या इन्चार्ज सिस्टरची हवीत.

निवेदन आणि मुलाखत

अर्जासोबत स्वतःविषयी एक निवेदन लिहावे लागते. येथे आपल्या मुली संकोचतात. गरिबी सांगावी की लपवावी, हे त्यांना कळत नाही. आमचे सांगणे असे, की गरिबी ना मिरवावी ना लपवावी. आपण काय केले ते सांगावे. कुटुंब पोसत शिक्षण केले असेल तर तसे लिहावे. कोणत्या प्रकारचे रुग्ण सांभाळले, कोणत्या प्रसंगी काय ओळखले आणि कोणाला वेळीच बोलावले, हे साध्या शब्दांत मांडावे. नुसती सेवेची आवड आहे असे लिहिले तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

मुलाखतीत दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. काही ठिकाणी औषध शरीरात कसे काम करते, रक्तातील वायूंचा तपासणी अहवाल कसा वाचायचा, हे विचारतात. काही ठिकाणी माणूस पाहतात. वरिष्ठाशी मतभेद झाला तेव्हा काय केलेस, हातून चूक झाली तेव्हा कोणाला सांगितलेस, असे विचारतात. जे येत नाही ते 'मला माहीत नाही, पण मी असे शोधीन' असे सांगणारी उमेदवार त्यांना हवी असते. भुलीच्या टेबलाशी खोटा आत्मविश्वास रुग्णाचा जीव घेतो, हे परीक्षकांना पक्के ठाऊक असते.

तीन वर्षांचा भार

प्रवेश मिळाला की किमान तीन वर्षांचा अभ्यास असतो. जानेवारी २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटच्या पातळीवरच प्रवेश मिळतो. वर्गातील अभ्यासाशिवाय रुग्णालयात दोन हजार तासांचे काम असते आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. या काळात नोकरी करणे जवळजवळ अशक्य होते. शुल्क आणि घरखर्च मिळून कर्ज एक लाख डॉलरच्या पुढे सहज जाते.

येथे घरच्यांची कसोटी लागते. मुलगी अमेरिकेत कमावते म्हणून गावाकडचे घर, भावाचे लग्न, वडिलांचे आजारपण सारे तिच्या पैशावर चाललेले असते. ती शिकू लागली की तीन वर्षे पैसे येणार नाहीत. हे अगोदर बसून बोलावे. सासर आणि माहेर दोघांनी ऐकावे. नवऱ्याने मूल सांभाळण्याची आणि चूल पेटवण्याची तयारी ठेवावी. घरबांधणी तीन वर्षे लांबली तरी चालेल, पण निम्म्यावर सोडलेल्या अभ्यासाचे कर्ज मात्र फेडावेच लागते.

पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेला आपले किती विद्यार्थी मध्येच गळाले, किती राष्ट्रीय परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि किती नोकरीला लागले, हे जाहीर करावे लागते. ते आकडे वाचूनच संस्था निवडावी. प्रवेश मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये. या वाटेवर मागे राहिलेल्या समाजांतील परिचारिकांना मार्गदर्शन करणारी एक संघटना डॉ. वॉलेना गूल्ड या काळ्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टने उभी केली आहे. अशा ठिकाणी संकोच न करता विचारणा करावी.

नकार आला तर

पहिल्या अर्जाला नकार येणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. नकाराचे पत्र आले की घरात सुतक पडू देऊ नये. 'आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे' हे वाक्य तर घरात कोणी उच्चारूच नये. आपण कोठे कमी पडलो, हे संस्थेला नम्रपणे विचारावे. काही संस्था सांगतात. गुण कमी पडले तर एक विषय, अनुभव कमी पडला तर एक वर्ष, मुलाखत फसली तर बोलण्याचा सराव, असा हिशोब मांडून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेस प्रवेश मिळालेल्या परिचारिका आज तेथे काम करीत आहेत.

आणि ज्या भगिनीला प्रवेश मिळेल तिला आमची एकच विनंती. आपला अर्ज, आपले निवेदन, मुलाखतीत विचारलेले प्रश्न जपून ठेवा आणि मागून येणाऱ्या मुलीला द्या.