किंमत उतरते गाडीची, बिलाची नाही

नवी असताना ५० लाखांच्या घरात गेलेली जर्मन सेदान दहा वर्षांनी साधारण १०-१२ लाखांत मिळते. म्हणजे नव्या क्रेटाच्या पैशांत मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सीरिज किंवा ऑडी ए६ दारात उभी राहू शकते. छत्तीसगडातल्या जामुल-भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे लहान कारखानदार, वाहतूक ठेकेदार आणि पोलाद प्रकल्पातले आजी-माजी अधिकारी राहतात, तिथे हा मोह पडणे साहजिक आहे. पण एवढी सूट कोणी का देतो, असे विचारले की व्यवहार वेगळा दिसू लागतो. त्या सुटीचा बराच भाग म्हणजे आधीच्या मालकाने पुढे ढकललेली दुरुस्तीची बिले असतात. आरसी बुकात त्यांची नोंद नसते, तरी गाडीबरोबर तीही नव्या मालकाच्या नावावर चढतात.

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ जोडली जात असली, तरी त्यांचे कितीतरी महत्त्वाचे भाग परदेशातून येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा. गाडी १० लाखांची झाली म्हणून तिचा गिअरबॉक्स १० लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही. तो ५० लाखांच्या गाडीचाच राहतो. पहिला मालक हे ओळखून असतो. वॉरंटी संपली आणि सर्व्हिस सेंटरने मोठ्या कामाचा अंदाज हातात ठेवला, की अनेकदा ते काम करण्याऐवजी गाडीच विकली जाते. स्वस्त गाड्यांचा दुसरा ओघ दिल्लीचा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाड्याही एनओसी घेऊन इतर राज्यांत आल्या. अशा गाडीची किंमत बिघाडामुळे नव्हे, नियमामुळे पडलेली असू शकते. मात्र बारा महिन्यांहून अधिक काळ ती छत्तीसगडात ठेवायची तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो, हे हिशेबात धरायला हवे.

पहिला मालक पुढे ढकलतो ते बिघाड कोणते, हे बऱ्यापैकी ठरलेले आहे. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डीमध्ये आलेल्या एन४७ डिझेल इंजिनाची, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या, टायमिंग चेन लवकर झिजते. ती इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने तिथवर पोचायलाच गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावे लागते. भागापेक्षा मजुरी जड होते ती इथे. ढोबळमानाने दीड ते अडीच लाख लागतात, आणि चेन तुटली तर इंजिनच गेले. ऑडीच्या जुन्या टीएफएसआय पेट्रोल इंजिनांची ओळख म्हणजे ऑइल खाणे. पिस्टन रिंगांपर्यंत काम गेले की इंजिन खोलावे लागते. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट बदलायचे तर लाख-दोन लाखांची तयारी ठेवावी.

लहान काम टाळल्याने मोठे कसे उभे राहते, याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे एअर सस्पेन्शन. पोलादी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो. आठ-दहा वर्षांत त्या रबराला घडीवर बारीक चिरा पडतात. सुरुवातीला लक्षण एवढेच, की रात्री सपाट उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात दोन बोटे खाली बसलेली दिसते आणि सुरू केल्यावर पुन्हा वर येते. ती वर येते, कारण कॉम्प्रेसर गळणारी हवा सतत भरून काढत असतो. त्याचे काम अधूनमधून चालायचे. तासन्‌तास चालला की जळतो. फुगा वेळेवर बदलला असता तर एका कोपऱ्याचा खर्च झाला असता. आता कॉम्प्रेसरही गेला आणि बिल दोन-तीन लाखांकडे सरकले. पाहणीच्या दिवशी गाडी सुरू करूनच दाखवली, तर यातले काही दिसत नाही.

जामुलमध्ये या हिशेबात आणखी तीन गोष्टी मिळवाव्या लागतात. पहिली धूळ. सिमेंट कारखाना, जड ट्रकांची वर्दळ आणि औद्योगिक वसाहतीतले रस्ते यांमुळे एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट पाहू शकत नाही. रबरी बुशही लवकर झिजतात. दुसरी उन्हाळा. ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या पाऱ्यात कूलिंगचे प्लास्टिकचे पाइप ठिसूळ होतात, आणि हजार-दोन हजारांचा जोड फुटून इंजिन तापले की सिलिंडर हेड धोक्यात येते. तिसरी छोटी अंतरे. घर ते कारखाना पाच-सात किलोमीटर एवढ्याच फेऱ्या झाल्या, तर डिझेल गाडीच्या पार्टिक्युलेट फिल्टरमधली काजळी जळण्याइतकी उष्णता तयारच होत नाही. तो चोंदतो, आणि बदलायचा खर्च पुन्हा लाखांत जातो. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी रायपूर गाठावे लागते आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढत नेता येत नाही, तिला फ्लॅटबेड लागतो.

यावर म्हटले जाते, की शोरूमला जातो कोण? बाहेरचा मेकॅनिक हेच काम निम्म्यात करतो. यात तथ्य आहे. बॉश, झेडएफ, मान यांसारख्या कंपन्या गाडीला मूळचे भाग पुरवतात आणि तेच भाग स्वतःच्या खोक्यात स्वस्त विकतात. मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीत मायापुरीला जुने भागही मिळतात. पण बचत भागात असते, निदानात नसते. स्कॅनर एरर कोड दाखवतो, कारण सांगत नाही. अंदाजाने दोन-तीन भाग बदलून पाहिले की निम्म्या दराची मजुरी शोरूमच्या बिलाला गाठते. त्यामुळे गाडी ठरवण्याआधी त्या कंपनीच्या गाड्यांवर रोज काम करणारा माणूस शोधावा; तो भिलाईत किंवा रायपुरात मिळत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: याच गाड्या तीन-तीन लाख किलोमीटर चालतात, त्यांना नाजूक कसे म्हणायचे? त्या नाजूक नाहीतच. झेडएफचा आठ गिअरांचा गिअरबॉक्स अतिशय भरवशाचा मानला जातो. पण 'आयुष्यभराचे ऑइल' असे काही गाडी कंपन्या सांगत असताना, झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. ते बदललेल्या आणि न बदललेल्या गाडीचे मीटर सारखेच आकडे दाखवते. म्हणजे हा आक्षेप मूळ मुद्द्यालाच पुष्टी देतो: वय आणि किलोमीटर यांपेक्षा सर्व्हिसची नोंद महत्त्वाची. चेसिस नंबरवरून ती काढून घ्यावी, थंड इंजिन स्वतः सुरू करून खडखड ऐकावी, आणि मीटर मागे फिरवल्याची शंका नोंदींतल्या तारखा व आकडे जुळवून फेडून घ्यावी.

विम्यावरही फार विसंबता येत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात येत नाहीत. अपघातात दुरुस्तीचा अंदाज विम्यातल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. नऊ लाखांच्या मूल्यावर ही रेघ पावणेसात लाखांना येते, आणि दोन हेडलाइट, रेडिएटर, एअरबॅगा व पत्र्याचे काम मिळून तिथवर जायला फार मोठी टक्कर लागत नाही.

तेव्हा १२ लाख जमवलेल्याने १२ लाखांची गाडी घेऊ नये. आठ-नऊ लाखांची, पूर्ण नोंदी असलेली, शक्यतो साध्या स्प्रिंगची आणि जवळच्या धावेसाठी पेट्रोलची घ्यावी, आणि उरलेले तीन-चार लाख पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावेत. ते खर्च झाले नाहीत तर उत्तम. पण ते बाजूला काढणे जमत नसेल, तर तेवढ्याच पैशांतली नवी साधी गाडी हा कमीपणा नसून चोख हिशेब आहे.