हिवाळी इंधन अनुदान (युनायटेड किंग्डम)

हिवाळी इंधन अनुदान हे युनायटेड किंग्डममधील वृद्धांना घर उबदार ठेवण्याच्या खर्चासाठी वर्षातून एकदा दिले जाणारे रोख साहाय्य आहे. देश सोडून युरोपात अन्यत्र स्थायिक झालेल्या निवृत्तिवेतनधारकांनाही ते अनेक वर्षे मिळत असे. त्यांच्या हक्काची व्याप्ती न्यायालयीन निर्णय, हवामानाचा निकष आणि ब्रेक्झिट यांमुळे बदलत गेली.

स्वरूप

तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी इ.स. १९९७ मध्ये ही योजना जाहीर केली. पुढे अनुदान साधारणपणे दर कुटुंबास २०० पाउंड आणि ८० वर्षांवरील व्यक्ती असलेल्या कुटुंबास ३०० पाउंड असे स्थिरावले. रक्कम इंधनावरच खर्च करण्याचे बंधन नाही. पात्रता सप्टेंबर महिन्यातील एका ठरावीक आठवड्यातील स्थितीवरून ठरते. प्रारंभी उत्पन्नाची अट नव्हती.

परदेशस्थ लाभार्थी

युरोपीय संघाच्या सामाजिक सुरक्षाविषयक नियमांनुसार वार्धक्यलाभ केवळ दुसऱ्या सदस्य देशात वास्तव्य आहे म्हणून नाकारता येत नसे. त्यामुळे ब्रिटनमध्ये असतानाच पात्र ठरून युरोपीय आर्थिक क्षेत्रात गेलेल्यांना २००२-०३ च्या हिवाळ्यापासून अनुदान मिळू लागले. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये दुसऱ्या एका लाभाविषयी दिलेल्या निकालानंतर, पात्रतेच्या वयापूर्वी देश सोडलेल्या, परंतु ब्रिटनशी खरा व पुरेसा संबंध असलेल्या व्यक्तींनाही ते खुले झाले. युरोपीय आर्थिक क्षेत्र व स्वित्झर्लंड यांबाहेर स्थायिक झालेल्यांना मात्र हे अनुदान लागू नव्हते. भारतात राहणारे ब्रिटिश निवृत्तिवेतनधारक त्यामुळे त्यापासून वंचित राहिले. त्यांच्या सरकारी निवृत्तिवेतनात वार्षिक वाढही होत नाही.

तापमानाचा निकष

उष्ण प्रदेशांत राहणाऱ्यांना इंधनासाठी पैसे का द्यावेत, असा आक्षेप ब्रिटनमध्ये वारंवार घेतला गेला. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये जाहीर केलेला निकष २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून लागू झाला. ब्रिटनमधील सर्वांत उबदार विभाग असलेल्या नैऋत्य इंग्लंडचे हिवाळ्यातील सरासरी तापमान (५.६° से.) ही मर्यादा ठरली. तीहून उबदार ठरल्यामुळे स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, सायप्रस, माल्टा आणि जिब्राल्टर येथील रहिवासी वगळले गेले.

सरासरी संपूर्ण देशाची धरल्याने हा निकष वादग्रस्त ठरला. फ्रान्सच्या गणनेत कॅरिबियन बेटे व फ्रेंच गयाना यांसारखे उष्ण कटिबंधातील प्रदेश समाविष्ट होते. परिणामी फ्रेंच आल्प्समधील बर्फाळ गावात राहणारा वृद्ध अपात्र ठरला, तर इटलीच्या सौम्य हवामानाच्या दक्षिण भागात राहणारा पात्र राहिला. उलट बाजूने, आयुष्यभर सामाजिक विम्याचा हप्ता भरल्याने हे अनुदान आपला हक्क असल्याचे परदेशस्थांचे म्हणणे होते. परंतु अनुदानाची पात्रता हप्त्यांच्या नोंदीवर अवलंबून नव्हती.

नंतरचे बदल

ब्रेक्झिट करारामुळे २०२० अखेरपर्यंत युरोपात स्थायिक झालेल्यांचे अधिकार राखले गेले. त्यानंतर जाणाऱ्यांना ते मिळाले नाहीत. इंग्लंड व वेल्समध्ये २०२४ च्या हिवाळ्यासाठी अनुदान मुख्यतः अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या ‘पेन्शन क्रेडिट’च्या लाभार्थ्यांपुरते मर्यादित करण्यात आले. कायमचे परदेशी राहणाऱ्यांना पेन्शन क्रेडिट मिळत नाही. तीव्र विरोधानंतर २०२५ मध्ये ही मर्यादा सैल करून वार्षिक ३५,००० पाउंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अनुदान पुन्हा देण्याचा निर्णय झाला. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी स्वतंत्र योजना आहे.