नवा राउटर घ्यावा काय?

विरार चर्चगेटपासून सुमारें ६० किलोमीटर दूर. ज्या मुलास वा सुनेस आठवड्यांतून दोन दिवस घरूनच कचेरीचें काम करण्याची मुभा असते, त्यांचा लोकलचा तेवढा त्रास वांचतो. परंतु घरांतील इंटरनेट अडखळूं लागलें कीं ही सवलतच धोक्यांत येते. मग आजोबांचें कीर्तन, नातवाचा अभ्यास आणि सूनबाईंची बैठक यांपैकीं कोणी कोणाची वाट अडविली, याचा वाद सुरू होतो, आणि शेवटीं कोणी तरी म्हणतें, “नवा राउटर आणा!” हा खर्च करण्यापूर्वीं थोडा विचार करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

वसईकरांस पाण्याचा दाखला सहज पटेल. सूर्या योजनेचें पाणीच नळाला कमी आलें, तर स्वयंपाकघरांतील तोटी बदलून काय होणार? कंपनीची तार घरापर्यंत जितका वेग आणते, त्याहून अधिक वेग कोणताही राउटर निर्माण करूं शकत नाहीं. आलेला वेग खोल्याखोल्यांतून वांटणें, एवढेंच त्याचें काम. तेव्हां दोष पुरवठ्यांत आहे कीं वांटणींत, हें आधीं ठरविलें पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. बाकीचीं यंत्रें थांबवून संगणक केबलनें राउटरास जोडावा आणि वेग सकाळीं एकदां व रात्रीं एकदां मोजावा. योजना १०० मेगाबिटांची असेल, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबानें सेकंदास साडेबारा मेगाबाइटच मिळतात, हें ध्यानांत असावें. केबलवरही वेग फार कमी भरला, तर प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. मात्र योजना ३०० ची असून आंकडा नेहमीं ९५ च्या आसपास अडत असेल, तर जुन्या राउटराचें १०० मेगाबिटांचें द्वार किंवा जुनी केबल हें कारण असूं शकतें.

केबलवर वेग पुरा, पण आंतल्या खोलींत अपुरा, असें आढळल्यास दोष वांटणीचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोंचतात, पण त्यांत एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. नालासोपाऱ्याच्या दाट इमारतींत शेजाऱ्यांचे राउटरही त्याच मार्गांवर असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी व वेग अधिक. परंतु वसईच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढें त्या लहरी लवकर थकतात.

यास्तव राउटर कपाटांतून काढून घराच्या मध्यावर, उंचीवर ठेवावा, आणि जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ द्यावें. दुमजली घरांत एक मोठा राउटर घेण्यापेक्षां केबल ओढून माडीवर दुसरें वायरलेस केंद्र बसविणें बहुधा हितावह ठरतें. एवढ्यानें भागलें नाहीं, अथवा राउटर केवळ २.४ चाच असला, तर नवा अवश्य घ्यावा. मात्र २०१९ पासून प्रचारांत आलेल्या वाय-फाय ६ चा पूर्ण लाभ त्या पद्धतीच्या मोबाइलांसच मिळतो, हें विसरूं नये.

आणि मोजणी होईपर्यंत सूनबाईंच्या कामावर ठपका ठेवूं नये.