गांव सुटलें तरी शिधा सुटूं नये

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं घर सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत सांगली-कोल्हापूरकडील फडांवर राहतात. चूल त्यांच्याबरोबर जाते; गांवच्या दुकानांतला शिधा मात्र पूर्वीं जात नसे. मुंबईंत १९४३ सालीं शिधावाटप सुरू झालें, त्या काळापासून पत्रिका म्हणजे एक ठराविक दुकान हें समीकरण लोकांच्या मनांत बसलें आहे. घरास कुलूप लागलें कीं धान्याचा हक्क कागदावरच राहावयाचा.

आतां ती स्थिति राहिलेली नाहीं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें. १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. हें धान्य परजिल्ह्यांतच काय, परराज्यांतहि घेतां येतें. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्यें ही सोय ऑगस्ट २०१९ मध्यें चालूं झाली. पुढें टाळेबंदींत पायीं गांवीं परतणाऱ्या मजुरांचे हाल सर्वांनीं पाहिले. सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२१ रोजीं सर्व राज्यांना मुदत घालून दिली, आणि जून २०२२ मध्यें आसाम सामील झाल्यावर योजना देशभर पसरली.

रीत अगदीं साधी आहे. कोणत्याही स्वस्त धान्य दुकानांत पत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक सांगावा आणि यंत्रावर अंगठा ठेवावा. अर्ज नको, तहसिलीचा दाखला नको. नवराबायको फडावर आणि म्हातारीं माणसें घरीं असलीं, तर थोडें धान्य इकडे व उरलेलें तिकडे घेतां येतें, कारण हिशेब एकच असतो. म्हणूनच ही वांटणी घरांत आधीं बोलून ठेवावी. फडावरच्यांनीं सगळेंच उचललें, तर गांवचा दुकानदार म्हातारीस रिकाम्या पिशवीनें परत पाठवील, आणि त्यांत त्याचा दोष नसेल.

येथें शहरांतील श्रोत्यांस एक विनंति आहे. घरीं कामास येणाऱ्या बाईस "गांवचें नांव कमी करून इथली पत्रिका काढा" असा सल्ला आपण सद्भावनेनें देतों. तो तिच्या मुलांच्या तोंडचा घांस काढणारा ठरूं शकतो. लाभार्थ्यांची संख्या प्रत्येक राज्यास ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारें ७ कोटींचा आहे. गांवीं नांव कमी झालें कीं ती जागा गेली. शहरांत जागा रिकामी असेल तरच नवें नांव बसावयाचें, आणि तोंवर ना तिकडचें धान्य ना इकडचें. बिऱ्हाड कायमचें हलवावयाचें असेल तरच पत्रिका हलविण्याच्या खटपटीस लागावें. दोन-चार महिन्यांच्या कामासाठीं तिला हात लावूं नये.

सोयीला मर्यादा आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. परराज्यांत केंद्राचें ठरलेलें धान्य तेवढें मिळतें. आपल्या राज्यानें वर दिलेली साखर किंवा तेल तेथें मिळत नाहीं. पत्रिकेंत ज्याचें नांव नाहीं, किंवा आधार जोडलेलें नाहीं, त्यास यंत्र ओळखत नाहीं. आणि कोयता धरून झिजलेल्या बोटांचे ठसे तर तें पुष्कळदां नाकारतें. दुकानदारानें "तुम्ही आमच्याकडचे नाहीं" असें म्हणून परतविलें, तर १४४४५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. पण गाडींत बसण्यापूर्वींच, ओळखीच्या दुकानदारासमोर घरांतील दोघातिघांनीं अंगठे लावून पाहावे. एकाचा ठसा उमटला नाहीं, तर दुसऱ्याचा चालतो.